पिकअपच्या एअर बॅगला कंप्रेसर निवडताना

मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जोडीला एअर बॅग, म्हणजे अपघातात उघडणाऱ्या नाहीत, मालाचं वजन पेलायला मदत करणाऱ्या हवेच्या हेल्पर बॅगा, बसवून झाल्यात आणि आता हवेची सोय करायची आहे असं धरून लिहितोय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा नाहीतर नागदेवीला, "मोठाच घ्या साहेब" हेच ऐकायला मिळेल. ऐकू नका. मागच्या दोन बॅगांत हवा मावते ती काही लिटर, आणि बहुतेक हेल्पर बॅगांची रेंज ५ ते १०० पीएसआय, त्याला टायरच्या दुकानातला राक्षस लागत नाही. आणि बॅग लावली म्हणून आरसी बुकातलं पासिंग (गाडीला मंजूर वजन) वाढत नाही. ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, तो बॅग बघून कमी होत नाही.

व्होल्ट आधी बघा. पिकअप, छोटा टेम्पो १२, मोठा ट्रक २४. एअर ब्रेकची गाडी असेल तर वेगळा कंप्रेसर नकोच, इंजिनवर आहेच, फक्त ब्रेकच्या टाकीला सरळ टी मारून लाईन काढू नका. मध्ये प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (दाब फार उतरला की बॅगची लाईन बंद करणारा) हवाच, नाहीतर बॅग फुटली की ब्रेकची हवा पण गेली.

मग टाकी. वाशी मार्केटला पहाटे माल भरला आणि दुपारी रिकामे परत आलात, म्हणजे हवा दिवसातून दोनदाच बदलायची, तर टाकी नको. छोटा कंप्रेसर, गेज आणि व्हॉल्व्ह बास. दिवसभर ठिकठिकाणी माल उतरवत फिरता, वजन सारखं बदलतं, वर टायरमध्ये पण हवा मारायची आहे, तरच टाकी घ्या.

टाकी घेतली की खरं अवघड काम सुरू होतं, सुरुवातीला मी पण इथेच अडकायचो. कंप्रेसरची ड्युटी सायकल (किती वेळ चालायचा, किती वेळ आराम), टाकीचा साईज आणि प्रेशर स्विच (टाकीचा दाब बघून कंप्रेसर आपोआप चालू-बंद करणारा) हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले असतात आणि दुकानदार तिन्ही सुटे विकतो. ड्युटी सायकल ३३ टक्के म्हणजे १० मिनिटं चालला की २० मिनिटं आराम, तो पण साधारण १०० पीएसआयला. आता ८ लिटरची टाकी १२० पीएसआयपर्यंत भरायला बाहेरची साधारण ६५ लिटर हवा आत ढकलावी लागते. डब्यावर मिनिटाला ३० लिटर छापलेलं असतं, पण तो आकडा शून्य प्रेशरचा, प्रेशर चढेल तसा तो बराच खाली येतो. म्हणजे दोन मिनिटांचा हिशोब सोडा, चार-पाच मिनिटं धरा. ३३ टक्केवाल्याला तेवढं झेपतं, पण त्याच कंप्रेसरला २० लिटरची टाकी लावलीत तर मोटर जळणार, यात वाद घालू नका.

प्रेशर स्विच ९० ला चालू, १२० ला बंद असा घ्या. २०० वाला घेऊन काय करणार, बॅगला १०० च्या वर द्यायचंच नाही, कंप्रेसर मात्र रोज उगाच झिजतो. आणि टाकी १२० ची आहे म्हणून ती बॅगला डायरेक्ट जोडू नका, मध्ये हाताने चालवायचा व्हॉल्व्ह आणि गेज पाहिजेच.

वायरकडे तर कोणीच बघत नाही. माझ्यासमोर जळके कंप्रेसर येतात त्यात बऱ्याचदा कंप्रेसरचा दोषच नसतो, लायटिंगची दीड एमएम (म्हणजे स्क्वेअर एमएम) वायर लावलेली असते. २० अँपिअर करंट, जाऊन-येऊन ८ मीटर वायर, म्हणजे जवळपास २ व्होल्ट वायरच खाते आणि मोटर टाकीच्या प्रेशरविरुद्ध सुरूच होत नाही, नुसती घुरघुरते आणि तापते. चालू असताना वायरला हात लावून बघा, कोमट जरी लागली तरी बदला. ६ एमएम तांबं, ४० अँपिअरचा रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा), फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. डॅशबोर्डच्या स्विचने फक्त रिले ओढायचा, मोटर नाही.

पाईप डाव्या-उजव्या बॅगला वेगळे. एकत्र जोडले की घाटात वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी अजून कलते. कंप्रेसरच्या तोंडाला मात्र त्याचाच जाळीचा होज ठेवा, तिथे हवा तापलेली येते, प्लास्टिक पाईप वितळतो. पाईप पक्कडने तोडू नका, टोक चपटं होतं आणि पुश फिटिंग तिथूनच हळूहळू गळते. कटरने सरळ कापा.

मुंबईच्या हवेत पाणी फार. टाकीचा ड्रेन कॉक खालच्या बाजूला आणि हात पोचेल असा ठेवा, पावसाळ्यात दर आठवड्याला उघडा, गंजाचं तांबूस पाणी येताना दिसेल. तेच नाहीतर व्हॉल्व्हमध्ये जातं. कंप्रेसर चासीच्या खाली लटकवू नका, सायनला गुडघाभर पाणी साचलं की संपला. जागा नसेल तर निदान त्याचा एअर फिल्टर पाईप लावून वर उंच घ्या.

सगळं जोडून झालं की साबणाचा फेस लावून प्रत्येक जॉइंट बघा, मग बॅगांत ६० भरून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी एक-दोन पीएसआय इकडेतिकडे चालतं. त्याहून जास्त उतरलं तर आधी लीक शोधा, मगच माल भरा. आणि रिकामी गाडी असली तरी बॅगेत ५ पीएसआय राहू द्या.