अ‍ॅस्ट्रोनिअर: नॅनोकार्बन अलॉय बनवताना या चुका टाळा

अ‍ॅस्ट्रोनिअर या व्हिडिओ गेममध्ये सिल्वा या सुरुवातीच्या ग्रहावर तुम्ही अगदी गाभ्यापर्यंत खणत गेलात तरी टायटनाइट आणि हेमेटाइट मिळणार नाही. ती खनिजं त्या ग्रहावर नाहीतच. नॅनोकार्बन अलॉय या मिश्रधातूला लागणारा दुर्मिळ माल मिळवायचा तर खणायच्या आधी ग्रह नीट निवडावा लागतो, आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच.

वुल्फ्रमाइट डेसोलो आणि कॅलिडोरवर मिळतं. टायटनाइट व्हेसानिया आणि ग्लेसिओवर, हेमेटाइट नोव्हस आणि ग्लेसिओवर, तर लिथियम व्हेसानिया आणि नोव्हसवर. अ‍ॅट्रॉक्सवर यातलं काहीच नाही, तरी हीलियमसाठी तिथे जावंच लागतं.

क्रम चुकवू नका

मिश्रणं बनवणाऱ्या केमिस्ट्री लॅबला टंगस्टन लागतं आणि हवेतला वायू गोळा करणाऱ्या अ‍ॅटमॉस्फेरिक कंडेन्सरला लोखंड. म्हणून पहिली फेरी डेसोलोची करा. तो सिल्वाचाच चंद्र आहे, जवळ पडतो. तिथलं वुल्फ्रमाइट स्मेल्टिंग फर्नेसमध्ये वितळवून टंगस्टन काढा. त्यानंतर हेमेटाइट आणा. त्यातून निघालेलं पहिलं लोखंड कंडेन्सरसाठी राखून ठेवा, दुसऱ्या कशावर खर्च करू नका. कंडेन्सर नसेल तर वायू नाही, आणि वायूशिवाय या अलॉयसाठीचं पुढचं एकही मिश्रण होत नाही.

हिशेब उलटा मांडा

एका नॅनोकार्बन अलॉयला एक टायटॅनियम अलॉय, एक स्टील आणि एक हीलियम लागतं. टायटॅनियम अलॉय म्हणजे टायटॅनियम, ग्राफीन आणि नायट्रोजन. ग्राफीनला ग्रॅफाइट आणि हायड्राझिन लागतं, हायड्राझिनला 2 अमोनियम आणि एक हायड्रोजन. स्टीलला लोखंड, कार्बन आणि आर्गॉन. म्हणजे एका नगामागे कच्चा माल असा: 1 टायटनाइट, 1 ग्रॅफाइट, 1 हेमेटाइट, 2 अमोनियम, 1 ऑरगॅनिक आणि चारही वायू एकेक.

स्टीलमध्ये कार्बनच्या जागी ग्रॅफाइट चालत नाही. कार्बन हवा असेल तर ऑरगॅनिक हा कच्चा माल स्मेल्टिंग फर्नेसमध्ये घाला.

वायू मिळत नसेल तर

कंडेन्सर ज्या ग्रहावर उभा आहे, तिथलाच वायू देतो. सिल्वावर हायड्रोजन आणि नायट्रोजन मिळतो, आर्गॉन कधीच नाही. डेसोलोवर तर कुठलाच वायू नाही, तिथे कंडेन्सर नेणं व्यर्थ. आमच्या मते तळ व्हेसानियावर टाकावा: हायड्रोजन, नायट्रोजन आणि आर्गॉन तिन्ही तिथेच मिळतात, शिवाय टायटनाइटही. मग बाहेरून आणायचं राहतं हेमेटाइट आणि हीलियम.

कंडेन्सर अगदीच रखडत असेल तर आधी वीज तपासा. पुरवठा कमी पडला की यंत्र मंदावतं, आणि हा कंडेन्सर वीज भरपूर खातो. ग्लेसिओवर ऊन फार क्षीण असतं, तिथे सोलर पॅनलच्या भरवशावर न राहता विंड टर्बाइन लावा.

खणताना जमीन हलतच नसेल तर टेरेन टूलला ड्रिल मॉड जोडा. पहिला सिरॅमिकचा, दुसरा टंगस्टन कार्बाइडचा, तिसरा हिऱ्याचा. दूरच्या ग्रहांवर खोलात जाण्याआधी किमान दुसरा हवाच.

अ‍ॅट्रॉक्सवर हीलियमचं प्रमाण कमी असल्यामुळे तो सावकाश जमतो. कंडेन्सर आणि वीज दोन्ही सोबत घेऊन उतरा, उतरलेल्या जागेभोवतीची विषारी झाडं आधी काढून टाका आणि मगच यंत्र सुरू करा.