दाखल नोंदवहीच्या एक्सेलमधून एक्सएमएल

छोट्या वाचनालयांची दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायचं रजिस्टर) कुणीतरी कधीकाळी एक्सेलमध्ये चढवलेली असते. नव्या सॉफ्टवेअरसाठी एक्सएमएल (प्रत्येक माहितीभोवती तिच्या नावाची खूण, म्हणजे टॅग, असलेली साधी मजकुराची फाईल) मागितलं की मंडळी लगेच टॅग टाकायला बसतात. टॅग टाकणं तासाभराचं काम आहे हो, आधी माल, म्हणजे एक्सेलमधली माहिती, निवडून साफ करून घ्या.

पहिला फॉन्ट. एक सेल नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टात आहे. कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणारी पद्धत) करून घ्या आणि रफार, ऱ्हस्व वेलांटीचे शब्द स्वतः वाचा.

दोन लेखक एकाच सेलमध्ये कोंबले असतील तर वेगळे करा. तारखा वर्ष आधी धरून लिहा. ५/६/१९ म्हणजे मे की जून, यावर नंतर वाद नको. दाखल क्रमांकाचा रकाना टेक्स्ट ठेवा, नाहीतर 0412 मधलं शून्य एक्सेल गिळतं.

आता & हे चिन्ह. एक्सएमएलमध्ये ते मोकळं चालत नाही. फाइंड-रिप्लेसने त्याचं &#38; करा, एकदाच; दुसऱ्यांदा केलंत तर &#38;#38; होऊन बसेल. मग < चं &#60;. हे सगळं टॅग जोडणारं सूत्र (फॉर्म्युला) लिहिण्याआधी करा, कारण सूत्रातले तुकडे जोडायलाही & च लागतं आणि रिप्लेस तेही बदलून टाकतं.

मग रिकाम्या रकान्यात सूत्र: टॅग अवतरणचिन्हांत, सेलचे पत्ते मोकळे, मध्ये &. ओढत खाली न्या. टॅगची नावं मराठीत चालतात, फक्त नावात मोकळी जागा नको:

<पुस्तक><दाखल_क्रमांक>0412</दाखल_क्रमांक><शीर्षक>भाजीपाला लागवड &#38; विक्री</शीर्षक></पुस्तक>

तो रकाना नोटपॅडमध्ये चिकटवा, सगळ्याच्या वर <ग्रंथसूची>, खाली </ग्रंथसूची>, आणि नावाच्या शेवटी .xml लावून, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवून सेव्ह करा. फाईल फायरफॉक्समध्ये उघडली की चूक कितव्या ओळीत आहे ते तोच सांगतो.

एक गोष्ट मात्र तो सांगत नाही. शीर्षक ऑल्ट-एंटर मारून दोन ओळींत लिहिलेलं असेल तर चिकटवताना त्या नोंदीभोवती अवतरणचिन्हं येतात. ब्राउझरला ती खपतात, पण सॉफ्टवेअर तिथे अडू शकतं. म्हणून सूत्रात शीर्षकाला ‘क्लीन’ (CLEAN) हे ओळ तोडणारी खूण काढणारं फंक्शन लावा.