खाणीचे पाणी शेतीस व पिण्यास वापरण्यापूर्वी : पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावयाची काळजी

खाणपट्ट्यातील शेतकऱ्यांना उन्हाळ्याच्या अखेरीस खाणीत साठलेल्या पाण्याचाच आधार उरतो. मात्र पहिल्या जोरदार पावसानंतर हेच पाणी अतिशय घातक होऊ शकते. कोरड्या महिन्यांत पायराइट या लोह व गंधक असलेल्या खनिजाचा हवा आणि ओलाव्याशी संयोग होऊन दगडमातीच्या ढिगांवर आम्लधर्मी क्षार साचतात आणि ते पहिल्या पाण्याबरोबर एकदम धुऊन येतात. म्हणून हा पहिला लोट विहिरीत किंवा शेततळ्यात शिरू देऊ नये. तो वेगळ्या खड्ड्यात अडवावा, शेजाऱ्याच्या बांधाकडे वळवू नये.

पाणी नितळ आहे म्हणून ते चांगले, असे समजू नये. सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप; ७ च्या जितका खाली तितके पाणी अधिक आम्लधर्मी) ३ च्या खाली गेला की लोह पाण्यात विरघळलेलेच राहते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. काचेच्या बरणीत असे पाणी घेऊन त्यात विरवलेल्या चुन्याचे पातळ दूध थोडे थोडे घालून ढवळावे. लोह भरपूर असेल तर पाणी बहुधा आधी हिरवट गढूळ होते, ढवळता ढवळता तांबूस पिवळे पडते आणि काही तासांनी तळाशी विटकरी साका बसतो. मोठ्या टाकीत हवा खेळवून हेच करणे हा शुद्धीकरणाचा पहिला टप्पा होय. नुसते चुनखडीचे खडे टाकून भागत नाही, कारण त्यांवर लोहाचा लेप बसून ते निकामी होतात. मँगनीज काढण्यासाठी सामू ९ च्या वर न्यावा लागतो, आणि मग सिंचनापूर्वी तो ६.५ ते ८.४ या दरम्यान परत आणावा लागतो. चुना विरवताना डोळ्यांना चष्मा अवश्य लावावा.

चुन्याने आम्ल आणि बरेचसे धातू जातात, सल्फेट व क्षार मात्र मोठ्या प्रमाणात मागे राहतात. त्यामुळे विद्युत वाहकता (पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे माप) ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असल्यास ते पाणी पिकास देणे टाळावे. लोह उरले असेल तर ठिबकच्या तोट्या बुजतात. कॅडमियम आढळल्यास पालेभाज्या व भात यांना हे पाणी मुळीच देऊ नये. सल्फेट लिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर असल्यास ते जनावरांनाही पाजू नये.

पिण्याच्या बाबतीत आमचा आग्रह आहे की, दुसरा स्रोत उपलब्ध असेपर्यंत या पाण्याच्या वाटेला जाऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. नाइलाजच असेल तर चुना, निवळण व गाळण यांनंतर आरओ (अतिसूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी गाळण्याची) प्रक्रिया करावी आणि प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्याशिवाय ते तोंडाला लावू नये. लिटरमागे आर्सेनिक व शिसे प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक नसावे.

टाकीतला साका खत म्हणून शेतात पसरू नये. तो अस्तर घातलेल्या खड्ड्यात झाकून ठेवावा, कारण आम्लधर्मी पाणी पुन्हा लागले की त्यातील धातू परत विरघळतात.