पाठवणाऱ्याची पत पाहून स्पॅम कसा गाळावा

पोस्टफिक्स या मेल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याला बराचसा स्पॅम मजकूर न वाचताच परत पाठवता येतो, कारण समोरच्या आयपी पत्त्याची पत डीएनएसवरच्या (इंटरनेटवरची नावे-पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेवरच्या) काळ्या याद्यांकडून क्षणात कळते. पत्त्याचे चारही आकडे उलट क्रमाने लिहून त्यांना यादीचे नाव जोडायचे, म्हणजे स्पॅमहाऊस या स्पॅमविरोधी संस्थेच्या झेन या एकत्रित यादीला विचारताना १९२.०.२.९९ साठी ९९.२.०.१९२.झेन.स्पॅमहाऊस.ऑर्ग असा प्रश्न तयार होतो. उत्तरात १२७.०.०.२ आले तर तो पत्ता स्पॅमहाऊसच्या एसबीएल या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत आहे, १२७.०.०.४ आले तर तिथले यंत्र बहुधा व्हायरसने बाधित आहे आणि १२७.०.०.१० किंवा ११ आले तर ती पीबीएल या यादीतली, म्हणजे थेट मेल पाठवणे अपेक्षित नसलेली, बहुधा घरगुती जोडणी आहे.

सर्वांत आधी सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारून उत्तर आणणारा प्रोग्राम, बसवावा. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारल्यास स्पॅमहाऊस १२७.२५५.२५५.२५४ हा नकारदर्शक आकडा देऊ शकते, आणि कोणतेही उत्तर म्हणजे दोषी असे मानणारा फिल्टर मग चांगला-वाईट सगळाच मेल नाकारत सुटतो. म्हणून यादीच्या नावापुढे १२७.०.०.२ ते ११ एवढीच उत्तरे ग्राह्य धरण्याची अट घालावी. चाचणीसाठी १२७.०.०.२ हाच पत्ता विचारावा. तो यादीत मुद्दाम ठेवलेला असतो.

त्यानंतर पोस्टस्क्रीनमध्ये, म्हणजे पोस्टफिक्सच्या दारावरच्या चाळणीत, प्रत्येक यादीला वजन द्यावे. झेनला ३, स्पॅमकॉपला १, डीएनएसडब्ल्यूएल या पांढऱ्या यादीला उणे २ आणि वजनांच्या बेरजेवर नाकारण्याची मर्यादा ३, ही सुरुवात मला रास्त वाटते. स्पॅमकॉप मुख्यतः वापरकर्त्यांच्या तक्रारींवर चालते आणि तिच्यात मोठ्या कंपन्यांचे सर्व्हरही अधूनमधून सापडतात, त्यामुळे केवळ तिच्या साक्षीवर कोणाचा मेल अडवू नये.

मर्यादा ओलांडणाऱ्याबाबत पोस्टस्क्रीनची मूळ कृती 'इग्नोर' (दुर्लक्ष) असते. आठवडाभर ती तशीच ठेवून लॉगमधल्या 'डीएनएसबीएल रँक' असे लिहिलेल्या ओळी वाचाव्यात, आणि ओळखीचा एखादा पुरवठादार किंवा बँक मर्यादेपलीकडे गेलेली दिसली नाही, तरच 'एन्फोर्स' (नकार देणे) करावे. ही तपासणी फक्त इतर सर्व्हरकडून मेल येतो त्या पोर्ट २५ वर ठेवावी, कारण ५८७ वरून मेल पाठवणाऱ्या आपल्याच माणसांचे मोबाईल पीबीएलमध्ये असणे स्वाभाविक असते. जीमेलसारख्या सामायिक पत्त्यांवरून येणारा स्पॅम मात्र या चाळणीतून सुटतोच. तो मजकूर तपासणाऱ्या आरस्पॅमडीकडे सोपवावा.