गावाच्या रस्त्यासाठी शासकीय निधी कसा मागावा: विदर्भातील ग्रामपंचायतींसाठी मार्गदर्शन

गावाचा रस्ता उखडला की सरपंच आणि चार-सहा गावकरी निवेदन घेऊन आमदारांच्या कार्यालयात जातात. निवेदन स्वीकारले जाते, त्यावर शेरा मारून ते बांधकाम विभागाकडे जाते आणि बहुतेक वेळा तेथेच थांबते. याचे कारण दरवेळी अनास्था हेच असते असे नाही. ज्या कागदावर रस्त्याचा क्रमांक, दर्जा, लांबी आणि मालकी लिहिलेली नाही, त्यावर अभियंता इच्छा असूनही अंदाजपत्रक तयार करू शकत नाही. म्हणून निधी मागण्याचे काम मंत्रालयापासून नव्हे, रस्त्यांच्या नोंदवहीपासून सुरू करावे.

आपला रस्ता कोणाचा आहे, हे प्रथम लेखी स्वरूपात मिळवावे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावठाणातील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे असतात आणि शिवारात जाणाऱ्या पांदण रस्त्यांचा आधार महसूल विभागाच्या गावनकाशात शोधावा लागतो. तालुक्याच्या अनेक गावांत आता ग्रामपंचायतीऐवजी नगरपंचायत आली आहे. तेथील रस्ते नगरविकास विभागाच्या कक्षेत येतात आणि त्यांची वाट नगरोत्थानसारख्या योजनांतून जाते, जिल्हा परिषदेतून नाही. पंचायत समितीच्या आवारात किंवा तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचे जे कार्यालय असते, तेथे उपअभियंत्यांकडे अर्ज करून रस्त्याचा क्रमांक, त्याची सुरुवात आणि शेवट, एकूण लांबी, शेवटचे काम कोणत्या वर्षी आणि कोणत्या योजनेतून झाले, तसेच दोषदायित्व कालावधी संपला आहे की नाही, एवढी माहिती घ्यावी. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण कालावधी शिल्लक असेल तर नवा निधी मागण्याची गरजच नसते. दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करून द्यायची असते आणि तशी नोटीस देण्याची मागणी आपण करू शकतो.

कधी कधी वर्षानुवर्षे वापरात असलेला रस्ता नोंदवहीतच नसल्याचे लक्षात येते. अशा योजनाबाह्य रस्त्यावर निधी टाकता येत नाही. त्याला आधी ग्रामीण मार्गाचा दर्जा मिळवावा लागतो आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, जिल्हा परिषदेचा ठराव आणि शासनाची मान्यता या क्रमाने जावे लागते. रस्त्याखालील जमीन खाजगी असेल तर संबंधित शेतकऱ्यांची संमती याच टप्प्यावर लेखी घ्यावी. काम सुरू झाल्यावर धुऱ्यावरून वाद निघाला तर मंजूर झालेला निधीही परत जाऊ शकतो, आणि प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर जमिनीच्या मोबदल्यासाठी केंद्राकडून पैसा मिळतच नाही.

मालकी निश्चित झाली की ग्रामसभेचा ठराव घ्यावा. ‘गावाचा रस्ता दुरुस्त करून मिळावा’ अशा एका वाक्याच्या ठरावाला काही किंमत नाही. ठरावात रस्त्याचा क्रमांक, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत काम हवे आहे (कार्यालयीन पद्धतीने लिहायचे तर ‘कि.मी. ०/०० ते २/५००’), कोठे मोरी तुंबली आहे, कोणत्या नाल्यावरचा रपटा पुराखाली जातो, हे सर्व यायला हवे. हेच काम ग्रामपंचायत विकास आराखड्यातही नोंदवलेले असावे. आराखड्याची तयारी दरवर्षी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, तेव्हा त्या सभेला रस्त्याचा विषय विषयपत्रिकेवर आधीच घालून ठेवावा. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे गावात अजूनही ज्यांना ग्रामसेवक म्हणतात ते, ठरावाची सही-शिक्क्याची प्रत देतात. तिच्या चार-पाच प्रती करून ठेवाव्यात.

ठरावासोबत पुरावे जोडावेत. पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील दिनांकित छायाचित्रे, एसटीची फेरी बंद झाली असल्यास आगाराचे पत्र, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र आणि रोज बाहेरगावी शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची मुख्याध्यापकांनी प्रमाणित केलेली संख्या, ही कागदपत्रे गावालाच जमवता येतात. वाहनांची मोजणीही गावातील तरुणांना करता येते. ती एकदा कापूस, सोयाबीन किंवा धान बाजारात जाण्याच्या हंगामात आणि एकदा हंगामाबाहेर करावी, कारण ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्यांची हंगामी गर्दी रस्त्याच्या थरांची जाडी ठरवताना विचारात घेतली जाते. गावकऱ्यांची मोजणी ही अधिकृत वाहनगणना नव्हे, परंतु ती समोर असली की अभियंत्याला अधिकृत गणना लावण्यास कारण मिळते.

आता अंदाजपत्रकाचा विषय. गावाने सर्वाधिक लक्ष याच कागदावर द्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण विदर्भातील रस्ते लवकर खराब होण्याचे कारण पुष्कळदा डांबराच्या वर नसून त्याच्या खाली असते. यवतमाळपासून अकोला-बुलढाण्यापर्यंत बहुतेक ठिकाणी काळी कापसाची जमीन आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि ओली झाली की तिची भार पेलण्याची ताकद अत्यंत कमी होते. तिच्यावर पुरेसा मुरूम आणि गिट्टीचा थर न देता केवळ वरून डांबरीकरण केले, तर पहिल्याच पावसाळ्यात कडा खचतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात खड्डे पडतात. त्यात अनेक जुन्या रस्त्यांची पातळी शेजारच्या शेतांपेक्षा खाली गेलेली असते आणि धुऱ्यावरून उतरणारे पाणी रस्त्यातूनच वाहते. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात तर बांध्यांतील पाणी महिनोन्‌महिने रस्त्याच्या भरावाला लागून उभे असते. यासाठी अंदाजपत्रक तयार होत असतानाच उपअभियंत्यांना भेटून मातीची चाचणी, आवश्यक तेथे भराव, मुरुमाच्या साइडपट्ट्या, दोन्ही बाजूंच्या नाल्या आणि नव्या मोऱ्या यांचा समावेश करण्याची लेखी विनंती करावी. गावठाणातून जाणाऱ्या भागात, जेथे सांडपाणी रस्त्यावर येते, तेथे सिमेंट काँक्रीट रस्ता आणि त्याला लागून पक्की नाली मागावी. उपलब्ध निधीत सगळी लांबी बसत नसेल, तर तीन किलोमीटरवर पातळ थर अंथरून घेण्यापेक्षा सर्वांत वाईट असा एक किलोमीटर तळापासून करून घ्यावा. असे मागताना उरलेल्या लांबीवरील लोकांची नाराजी ओढवते, आणि म्हणून हा निर्णयही ग्रामसभेतच व्हावा.

निधीचे दरवाजे अनेक आहेत, पण प्रत्येक रस्त्यासाठी त्यातला एखाद-दुसराच योग्य असतो. नेहमीचा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा आहे. या समितीच्या जिल्हा वार्षिक योजनेत ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्गांसाठी तरतूद असते. देखभाल-दुरुस्तीचा खर्च सामान्यतः ३०५४ या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या खात्याखाली) आणि नवे बांधकाम किंवा मोठी सुधारणा ५०५४ खाली पडते. ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे होतात. गावांतर्गत रस्ते, छोटे रपटे आणि मोऱ्या यांसाठी ते बरे. लांब जोडरस्त्याच्या पुनर्बांधणीला ती रक्कम सहसा पुरत नाही. ग्रामपंचायतीला मिळणारा वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाची अट नसलेला) निधी खड्डे बुजवणे, नाली साफ करणे अशा तातडीच्या कामांसाठी राखून ठेवावा. शेतरस्त्यांसाठी राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली, ती रोजगार हमीच्या जोडीने आखलेली होती.

मोठ्या लांबीसाठी दोन योजना पाहाव्यात. मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा भर अस्तित्वात असलेल्या ग्रामीण रस्त्यांची दर्जोन्नती करण्यावर आहे आणि महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेमार्फत ती राबवली जाते. त्यामुळे उखडलेल्या जुन्या रस्त्यासाठी ही सर्वांत जवळची योजना होय. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने तिचा चौथा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. २०२४-२५ ते २०२८-२९ या काळात देशभरातील २५,००० वस्त्या जोडण्यासाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते बांधण्याचा हा टप्पा आहे, पण तो न जोडलेल्या वस्त्यांसाठी आहे, जुना रस्ता दुरुस्त करण्यासाठी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार सपाट प्रदेशात ५०० आणि अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्र किंवा आकांक्षित (केंद्राने विकासासाठी निवडलेल्या मागास) जिल्ह्यांत २५० लोकसंख्येची वस्ती पात्र ठरते. गडचिरोली आणि वाशिम हे आकांक्षित जिल्हे आहेत, तर धारणी व चिखलदरा तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. मुख्य गाव जोडलेले असले तरी त्याचा टोला, तांडा किंवा पोड वेगळी वस्ती म्हणून नोंदली गेली आहे का, हे तपासावे. ही नोंद नसल्याने अनेक पात्र वस्त्या बाहेर राहतात.

आदिवासी आणि इतर वंचित वस्त्यांसाठी स्वतंत्र निधी आहे आणि तो मागितला गेलाच पाहिजे. आदिवासी वस्तीतील रस्त्यांसाठी ठक्कर बाप्पा योजनेचा प्रस्ताव एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्यावा. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याअंतर्गत पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते. यवतमाळ-चंद्रपूरकडील कोलाम पोड आणि गडचिरोलीतील माडिया वस्त्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये विशेष मागास आदिवासी गटांसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन अभियानात १०० लोकसंख्येच्या वस्तीलाही रस्त्यासाठी पात्र धरले आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी वसंतराव नाईक यांच्या नावाची तांडा-वस्ती सुधार योजना आणि अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना आहे.

चंद्रपूर, वणी, उमरेड अशा कोळसापट्ट्यांत आणि सुरजागडच्या लोहखनिज परिसरात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणधारकांकडून खाणबाधित भागासाठी जमा होणारा निधी हा आणखी एक मार्ग आहे. त्यात पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांना उच्च प्राधान्य आहे. रस्ते ‘इतर प्राधान्य’ गटात मोडतात आणि त्या गटाचा वाटा मर्यादित असतो. म्हणून प्रस्तावात खनिज वाहतुकीमुळे रस्ता कसा खराब झाला, याचा पुरावा हवा. ग्रामीण रस्ते कमी रहदारीसाठी आखलेले असतात, जड खनिजगाड्यांच्या सततच्या भारासाठी नाहीत, हे अभियंत्यांच्या पत्रातून नोंदवून घेतले तर मागणीला वजन येते.

जंगलालगतच्या गावांनी वनजमिनीचा प्रश्न अगदी सुरुवातीला सोडवावा. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार गावासाठी लागणाऱ्या तेरा प्रकारच्या सुविधांकरिता, ज्यांत रस्ताही आहे, प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरण्यास परवानगी मिळू शकते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते आणि तोडावी लागणारी झाडे हेक्टरी ७५ पेक्षा अधिक असू नयेत. ही वाट केंद्राच्या वनपरवानगीपेक्षा पुष्कळ जवळची आहे, आणि वनसंवर्धन कायद्याचे नाव सांगून काम अडवले गेले तर याच कलमाचा उल्लेख करून उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा. पूर्व विदर्भात झुडपी जंगलाच्या (महसूल नोंदीतील खुरट्या झुडपांच्या जमिनीच्या) नोंदीकडेही लक्ष द्यावे. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी ठरवल्या आहेत, त्यामुळे सातबाऱ्यावर तशी नोंद असलेल्या पट्ट्यातून रस्ता रुंद करायचा असेल तर परवानगीचा विचार आधी करावा लागेल.

प्रस्ताव कधी द्यायचा, यालाही महत्त्व आहे. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा साधारणपणे हिवाळ्यात आकार घेतो आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. म्हणून अंदाजपत्रकासह प्रस्ताव दिवाळीच्या सुमारास जिल्हा परिषदेत पोचलेला असावा. मार्चअखेरीस धावपळ करून काही हाती लागत नाही, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या कामांना मंजुरी थांबते. अतिवृष्टीत रस्ता किंवा पूल वाहून गेला असेल तर मात्र थांबू नये. त्याच आठवड्यात तहसीलदार आणि बांधकाम उपविभाग या दोघांनाही लेखी कळवून पंचनामा करून घ्यावा, कारण पूरहानी दुरुस्तीची यादी तातडीने तयार होते आणि उशिरा आलेली नावे तिच्यात बसत नाहीत.

प्रस्तावासोबत ‘हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर अथवा प्रस्तावित नाही’ असे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे एकच लांबी चार ठिकाणी मागू नये. वेगवेगळ्या लांबीसाठी वेगवेगळ्या योजना निवडाव्यात. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे पैसे आले, असा गैरसमज गावोगावी आढळतो. मान्यतेनंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि प्रत्यक्ष निधी वितरण हे टप्पे उरतात, आणि त्यातील कोणत्या टेबलावर फाइल आहे हे दर पंधरवड्याला विचारून लिहून ठेवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीतील एका विशिष्ट सदस्याकडे द्यावी. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. कार्यालयाला साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

कार्यारंभ आदेश निघाल्यावर आदेशाची आणि मंजूर अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्यावी. मुरूम, गिट्टी आणि डांबर यांचे थर किती जाडीचे असायला हवेत, हे त्यात लिहिलेले असते आणि थर अंथरला जात असतानाच ते पाहता येते. वर डांबर पडल्यावर खालचे काही दिसत नाही. शंका आल्यास काम अडवण्याऐवजी कनिष्ठ अभियंत्यांना जागेवर बोलावून त्यांच्यासमोर मोजावे आणि तक्रार लेखी द्यावी. काम पूर्ण झाले की योजनेचे नाव, खर्च, कंत्राटदार आणि दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला फलक लावला गेला आहे ना, हे पाहावे. ग्रामसडक योजनांच्या कामांत देखभालीची जबाबदारी पाच वर्षे कंत्राटदारावर असते. त्या काळात प्रत्येक पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी रस्त्याची पाहणी करून, खचलेल्या कडा आणि तुंबलेल्या मोऱ्या यांची छायाचित्रांसह यादी ग्रामपंचायतीच्या पत्राने कार्यकारी अभियंत्यांना पाठवावी आणि पोच घेऊन ती रस्त्याच्या फाइलमध्ये लावावी.