त्रिकोणाचे संपातबिंदू काढताना या चुका टाळा

तिन्ही शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) काढले, तरी ते एकमेकांना भेटत नाहीत. विशालकोन त्रिकोणात ही तक्रार हमखास येते, कारण रेघ बाजूपाशीच थांबवलेली असते आणि शिरोलंब संपात, म्हणजे ते भेटतात तो बिंदू, मात्र त्रिकोणाबाहेर असतो.

बक ८ सेमी, अब आणि अक प्रत्येकी ५ सेमी असा त्रिकोण काढा. अ जवळचा कोन सुमारे १०६° येतो. ब मधून अक वर लंब टाकायला गुण्या लावला की जागाच सापडत नाही. कअ ही बाजू अ च्या पलीकडे वाढवा. लंबपाद (लंब रेघेला टेकतो तो बिंदू) अ पासून १.४ सेमीवर पडतो. तिथेही थांबू नका. लंब आणखी जवळजवळ १.९ सेमी पुढे न्या, म्हणजे अ च्या वर सुमारे २.३ सेमीवर संपात मिळेल.

मग परिकेंद्रही, म्हणजे बाजूंचे लंबदुभाजक भेटतात तो बिंदू, वरच शोधलं जातं. ते असतं उलट्या अंगाला, बक च्या खाली सुमारे १.२ सेमीवर. म्हणून बक च्या वर आणि खाली सहा-सहा सेमी जागा आधीच मोकळी सोडा. लंबदुभाजकासाठी कंपास निम्म्या बाजूहून बराच जास्त उघडा. ८ सेमीच्या बाजूला ४ सेमीचे कंस नुसते टेकतात, ४.१ घेतलं तर छेदबिंदू इतके जवळ येतात की रेघ तिरकी जाते. ६ सेमी घ्या.

काटकोन त्रिकोणात फारसं काही काढावंच लागत नाही. बाजू ६, ८, १० सेमी असतील तर शिरोलंब संपात काटकोनाच्या शिरोबिंदूवरच, परिकेंद्र कर्णाच्या मध्यावर, परित्रिज्या ५ सेमी. लघुकोन त्रिकोणात दोन्ही आत.

अंतर्केंद्र (कोनदुभाजक भेटतात तो बिंदू) आणि मध्यगा संपात (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूच्या मध्यावर जाणाऱ्या मध्यगा भेटतात तो बिंदू) कुठल्याही त्रिकोणात आतच असतात. बाहेर गेले तर बहुधा मध्यगा, कोनदुभाजक आणि लंबदुभाजक यांची सरमिसळ झालेली असते. मध्यगा संपात मध्यगेचे २:१ असे दोन भाग करतो, त्यातला मोठा भाग शिरोबिंदूकडे असतो. वरच्या त्रिकोणात अ पासून २ सेमी, बक पासून १ सेमी. सरावाला समभुज त्रिकोण मात्र घेऊ नका. त्यात चारही बिंदू एकच असल्याने चूक लपते.

आकृती तपासायची असेल तर परिवर्तुळ (परिकेंद्रातून तिन्ही शिरोबिंदूंवरून जाणारं वर्तुळ) काढून कागद बक वर दुमडा. शिरोलंब संपात थेट वर्तुळावर पडला पाहिजे.