दुबई किती लांब? तिकिटाआधी हा हिशोब करा

उदगीरला माझं तिकिटांचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक आखातात कामाला जाणारं, आणि घरच्यांचा ठरलेला प्रश्न, "भाऊ, किती तास लागतेत?" तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करून लोक मोकळे होतात. गणित तिथंच फसतं.

आधी अंतर बघा. मोबाईलवर गुगल मॅपमध्ये हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर बोट दाबून धरा. पिन पडली की अंतर मोजायचा पर्याय मिळतो. दुसरं टोक दुबई विमानतळावर नेलं की साधारण २,५५० किमी येतात. मुंबईहून १,९३०.

कागदावरही जमतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी. रेखांशाचा अंश उत्तरेकडं आखडत जातो. मुंबई-दुबईच्या पट्ट्यात तो १०३ किमी धरा. दोन्ही शहरांत अक्षांशाचा फरक सव्वासहा अंशांच्या जरा आत, म्हणजे ६८३ किमी. रेखांशाचा साडेसतरा, म्हणजे १,८०३. पुढं शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर १,९३० च्या जवळच येतं. टोकियोसारख्या लांबच्या शहराला ही युक्ती लावू नका, पृथ्वीचा गोलवा आडवा येतो.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी ८५० किमी धरून अंतराला ८५० नं भागा, विमानाच्या चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. हैदराबाद-दुबई साडेतीन तास झाले. तिकिटावर मात्र पावणेचार-चार दिसतात, कारण कंपनी विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरते. शिवाय वरच्या हवेत वारं पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतं, हिवाळ्यात तर जोरात. म्हणून जाताना वेळ जास्त, येताना कमी. एखाद्या देशानं हवाई हद्द बंद केली तर वळसाही पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून आखाताकडं जाणारी विमानं लांबून जाऊ लागली.

खरी गंमत घड्याळाची. तिकिटावर नेहमी त्या-त्या गावची वेळ छापतात आणि दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. समजा, हैदराबादहून सकाळी १०:०० ला निघून १२:२० ला पोचायचं आहे. दिसायला दोन तास वीस मिनिटं. दीड तास मिळवा, तीन तास पन्नास मिनिटं. येताना उलटं. रात्री १०:०० ला निघून पहाटे ३:०० ला उतरायचं, तर पाचातून दीड वजा, साडेतीन तास. बँकॉक दीड तास पुढं, सिंगापूर अडीच, टोकियो साडेतीन. तिकडं जाताना वजा करायचं, येताना मिळवायचं.

मुंबई दुबईला जवळ म्हणून तिथूनच तिकीट मागणारे बरेच असतात. विमानात पाऊण तास वाचतो खरा, पण उदगीरहून मुंबई म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स. बिदर-जहीराबादवरून शमशाबाद चार-पाच तासांत येतं. भाड्यात फार फरक नसेल तर मी हैदराबादच सांगतो. लातूरच्या पलीकडच्यांनी मात्र दोन्हीकडचा हिशोब मांडून बघावा.

आणायला जाणाऱ्यांनी पोचायच्या वेळेपुढचा "+१" नीट बघावा. त्याचा अर्थ दुसरी तारीख. सोमवारी रात्री निघालेला माणूस मंगळवारी पहाटे ३:०० ला उतरतो, म्हणजे जीप सोमवारी रात्रीच, नऊ-साडेनऊला उदगीरहून सुटली पाहिजे. इमिग्रेशन आणि सामानाला तासभर धरा, चारच्या आत कुणी बाहेर येत नाही.